कोरडा दगड मुरेपर्यंत

माझ्या दुकानात माणूस मासे बघायला येतो आणि मी त्याला आधी दगड दाखवते. त्याचा चेहरा तिथेच पडतो. डिचोलीच्या बाजारातून दुपारच्या उन्हात चालत यायचं, बरोबर मुलं, मुलांना तो नारिंगी-पांढरा पट्ट्यांचा मासा हवा असतो, आणि ही बाई बाल्दीतून भोकाभोकाचे दगड काढून मेजावर मांडते. "मासे नंतर," मी सांगते. "आधी घर, मग भाडेकरू."

गोड्या पाण्याची टाकी कुणीही सांभाळतं. खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे घरात समुद्र आणायचा, आणि समुद्राला घरात राहायची सवय नसते. त्यातून आमचा गोवा. इथे प्रत्येकाला वाटतं, समुद्र आपल्या ओळखीचाच आहे. माझ्या माहेरचे, पार्शाचे एक काजूवाले गृहस्थ आगरवाड्याच्या मिठागरातलं मीठ गोणीभर घेऊन आले होते. म्हणे विकतचं मीठ कशाला, हे आपलं. मी म्हटलं, हे सुकटीला उत्तम, टाकीला नाही. गावच्या मिठाचा अपमान झाला म्हणून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. भावाच्या लग्नात समोरासमोर पंगतीला बसलो तरी बोलले नाहीत. मीठ मात्र खुणेने माझ्याकडूनच वाढून घेतलं.

पण खरी भांडणं दगडावरून होतात. तो दगड टाकीत शोभेला नसतो. मासा खातो तशी घाणही करतो, आणि त्या घाणीचं टाकीत विष होतं. ते विष खाऊन पचवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत. ते दगडाच्या भोकांमध्ये राहतात. समुद्राच्या पाण्यात किंवा जुन्या टाकीत राहून ज्या दगडात असे जीव भरलेत, तो जिवंत दगड. तोच दगड सुकलेला, आत कुणी नाही, तो कोरडा. जिवंत दगड घातला की टाकी लवकर चालू होते, पण त्याच्याबरोबर आणखी कोण येईल सांगता येत नाही. कोरड्यात कुणी लपलेलं नसतं, पण त्यात जीव वस्तीला येईपर्यंत महिने जातात. तोवर रिकामी टाकी बघत बसायचं. आम्ही या धंद्यात त्याला टाकी मुरणं म्हणतो, लोणच्यासारखं. आणि कुणी विचारायच्या आधी सांगते, किनाऱ्यावर जाऊन प्रवाळ उचलून आणायचं नाही. तो गुन्हा आहे. माझ्याकडचा जिवंत दगड म्हणजे मागच्या पडवीतल्या पिंपांमध्ये मीच मुरवलेला दगड.

आणखी कोण येईल म्हणजे काय, ते मयेच्या तळ्याजवळ पाहुण्यांसाठी खोल्या काढलेल्या एका मालकाला विचारा. त्याला सगळं झटपट हवं होतं, म्हणून दुसऱ्या दुकानातून जिवंत दगड घेतला. पुढे टाकीतला एकेक मासा नाहीसा व्हायला लागला. मेलेला सापडेना, उडी मारून बाहेर पडलेला दिसेना. मालकाने स्वयंपाक्यावर आळ घेतला. तो बिचारा मला फोन करून म्हणाला, "बाय, मी बोटाएवढे मासे तळतलो काय?" मी गेले, दगड एकेक करून उचलला, तर एका भोकात कुर्ली नांग्या आवळून बसलेली, खाऊन खाऊन गरगरीत. ती मी स्वयंपाक्याच्या हातात ठेवली. मालकाने त्याची माफी मागितली की नाही ठाऊक नाही. कुर्लीचं पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे.

तर सगळी गिऱ्हाइकं शेवटी एकच विचारतात. कुठल्या दगडात त्रास कमी? इतक्या वर्षांत उलटा प्रश्न एकाच माणसाने विचारला. पाळी गावचे रघूतात्या.

रघूतात्या मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी लोखंडाच्या खाणीवर ट्रक चालवायला पाळीला आले, पुढे स्वतःचे ट्रक झाले, घर झालं. खाणी थांबल्यावर ट्रक गेले. बायको वारली. मुलगा नितेश पुण्यात नोकरीला. इतकी वर्षं गोव्यात काढूनही तात्यांचं बोलणं मालवणीच राहिलं. शिगम्यानंतरच्या एका सकाळी ते दुकानात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले,

"बाय, खयच्या धोंड्यात तरास जास्ती?"

मला वाटलं, म्हणायचं कमी होतं, तोंडातून जास्ती आलं. मी कमी त्रासाचं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला.

"कमी नको. जास्ती व्हयो. रोज बघूक लागात असो. माणूस घर सोडून खय जावक शकणा नाय, असो."

मी दोन्ही प्रकारचे दगड समोर ठेवले. तात्यांनी एक हातात घेऊन वजन बघितलं. आयुष्यभर खनिज वाहिलेल्या माणसाला तो पोकळ दगड म्हणजे थट्टाच वाटली असणार.

"आमी धोंडे विकून घर बांधलां, नि तू माका धोंडे विकतंस?"

"तुम्ही विकलेत ते वितळवायचे," मी म्हटलं. "हे भिजवायचे."

ते हसले. मग मी त्यांच्या घरी टाकी कुठे बसेल ते बघायला गेले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. त्यांनी बंद पडलेल्या कुठल्या तरी हॉटेलातून मोठी काचेची टाकी आधीच उचलून आणली होती, चार माणसांनी धरली तरच हलेल अशी. दारापुढच्या बाल्कांवात बसून चहा घेताना म्हणाले,

"नितेश माका पुण्याक व्हरूक बघता. तेचा घर चवदाव्या माळ्यार. थयसून खाली बघलां तर नुसती टकली दिसतत. मी थय काय करू? कुत्रो हाडूचो म्हटलां, पण कुत्र्याक गाडयेत घालून व्हरूक येता. ही टाकी कशी व्हरतलो?"

टाकी घेण्याची पुष्कळ कारणं मी ऐकली आहेत. वास्तुशास्त्र, रक्तदाब, शेजाऱ्याने घेतली म्हणून. हे कारण नवीन होतं. मी चहा पिऊन घेतला.

संध्याकाळी नितेशचा फोन आला. मृदू बोलणारा मुलगा, सगळं वाचून आलेला.

"मॅडम, तात्यांनी टाकीचं मनावर घेतलंय. घेऊ देत, त्यांना काहीतरी विरंगुळा हवाच. पण चतुर्थीनंतर मी त्यांना इकडे आणणार आहे. टाकीही आणायची झाली तर? कोरडा दगड पोत्यात भरून नेता येतो ना?"

"येतो."

"आणि जिवंत?"

"तो खाऱ्या पाण्यात बुडवून न्यावा लागतो. वाटेत आतले जीव मेले तर पुण्यात पोचेपर्यंत वासाने गाडीत बसवणार नाही."

"मग कोरडाच द्या. मी सांगितलं असं मात्र त्यांना सांगू नका."

मी विचारलं, इतकी घाई का? तो म्हणाला, तात्या गॅसवर भात ठेवून अंगणात जाऊन बसले. शेजारीण वासाने धावत आली, भांडं कोळसा झालेलं. त्याआधी विहिरीची मोटर सकाळी चालू केली ती विसरून बाजारात गेले. "ते एकटे असतात. मला इकडे झोप लागत नाही, मॅडम."

मुलाचं चुकत नव्हतं. फोन ठेवला तर लगेच दुसरा वाजला. तात्या.

"बाय, जिवंतच धोंडो दी. पोत्यात भरूक येवचो नाय तसलो. नि नितेशाक काय सांगू नको."

दोघांनाही मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी कोरडा दगड घेऊन पाळीला गेले.

यात कुणाची बाजू घेण्याचा प्रश्न नव्हता. पाळीची वीज कधी जाईल आणि कधी येईल ते कुणी सांगावं. पाणी फिरायचं थांबलं की भरलेल्या जिवंत दगडातले जीव गुदमरून सडतात आणि टाकीच बसते. नवशिक्या माणसाला मी तो कधीच देत नाही. पण हे तात्यांना कोण सांगणार? पोती बघूनच त्यांना कळलं, आणि ते जनेलाकडे तोंड करून बाहेर बघत बसले.

"तू तेची झालंस."

"मी पाण्याची आहे," मी म्हटलं. "तात्या, हा दगड मुरायला काही महिने लागतील. पावसाळा उजाडेल. आणि रोज सकाळी पाणी तपासावं लागेल. एक दिवस चुकवून चालायचं नाही."

जनेलाकडचं तोंड हळूहळू माझ्याकडे वळलं.

"रोज?"

"रोज."

"मगे हाड आत. भायर कित्या ठेवलंस?"

कोरड्या दगडाची टाकी सुरू करताना पाण्यात काहीतरी कुजवावं लागतं. विषच नसेल तर ते खाणारे येतील कशाला? मी एक सुंगट, म्हणजे कोळंबी, मागितलं. तात्यांना धक्का बसला.

"सुंगटा आमी कढीत घालतो. तू पाण्यात कुसवतंस?"

"एकच."

त्यांनी फ्रीजमधून सगळ्यात लहान बघून दिलं आणि ते पाण्यात पडताना तोंड फिरवलं. बरोबर माझ्या पिंपातला जिवंत दगडाचा एक छोटा तुकडा, सगळ्या बाजूंनी बघून, धुऊन, मी टाकीत सोडला. हे आमचं विरजण. दुधाला लावतो तसं. बाकी सगळं दूध कोरडंच होतं.

मग तात्यांना तपासणी शिकवली. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, वर बाटलीतले थेंब टाकायचे, रंग बघायचा. हिरवं म्हणजे विष आहे, पिवळं म्हणजे नाही. शिवाय पाण्याचा खारटपणा मोजायचा, उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरायचं. पहिले काही दिवस ते रोज मला फोन करून रंग सांगायचे. "हिरवा." दुसऱ्या दिवशी, "हिरवा." मग, "हिरवा, पण कालच्यापेक्षा बरो." मी सांगितलं, फोन करू नका, रंग बदलला तरच करा. पुढे पुष्कळ दिवस फोन आला नाही. एका सकाळी आला. "पिवळो," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

पण एवढ्यावर टाकी मुरत नाही. आधी दगडावर तपकिरी बुरशीसारखा थर येतो, तो जातो. मग हिरवं शेवाळ येतं. तेही जायला हवं, पण तात्यांचं जाईना. वाढतच गेलं. मी जाऊन बघते तर काचेला हिरवी दाढी, आणि मागच्या कोपऱ्यात माझ्या दगडांच्या आड एक काळा-तांबडा जड धोंडा.

"हे काय?"

"काय नाय."

"तात्या, हा खनिजाचा दगड आहे."

"माझ्या पयल्या ट्रकातलो. इतकी वर्सां जपून ठेवलेलो. म्हटलां, तुझे ते फोपशे धोंडे बघ, तेंच्यात एक तरी खरो दगड असांदे."

मग मी ओरडले. लोखंडाचा दगड पाण्यात ठेवला की शेवाळाला खत मिळतं, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. पण दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाला हे सांगायची वेळच येत नाही. खनिजाचा दगड प्रेमाने टाकीत ठेवणारा माणूस फक्त पाळीलाच भेटणार. दगड बाहेर काढला, अर्धं पाणी बदललं, शेवाळ दोघांनी बसून ओरबाडलं. तात्या तोंडातल्या तोंडात माझ्या सात पिढ्यांची चौकशी करत होते, पण हात थांबले नाहीत.

आषाढात दोन मासे सोडले, तेच नारिंगी पट्टेवाले. एका दुपारी वादळाने तारा तुटल्या आणि पाळीची वीज गेली. तात्यांचा फोन आला की पाणी फिरत नाही. मी म्हटलं, तांब्याने पाणी काढा आणि उंचावरून परत ओता, हवा मिसळेल, मी येते. रस्त्यात झाड पडलेलं, मी पोचेपर्यंत दिवेलागणीची वेळ झाली. तात्या खुर्चीवर उभे होते आणि तांब्याने पाणी काढून ओतत होते. सदरा ओलाचिंब.

"जेवलात का?"

"मासे जेवले."

श्रावण आला. तात्यांच्या घरी श्रावणात मासे शिजत नाहीत. टाकीकडे बोट दाखवून मला म्हणाले, "खावचे नायत, बघूक चलतत." आणि चतुर्थीला नितेश आला.

पंचमीच्या दिवशी त्याचा फोन आला, मॅडम, जरा येऊन टाकी बघून जाल का? मला कशाला बोलावलं ते कळत होतं. टाकी मुरेपर्यंत घर सोडता येत नाही असं तात्यांनी त्याला सांगून ठेवलं होतं; ती मुरली असेल तर त्यांच्याकडे सबब उरत नव्हती. मी गेले. गणपतीवर माटोळी बांधली होती, तोरिंगं, सुपाऱ्या, रानातली फळं, आणि शेजारच्या खोलीत टाकी. तात्यांनी मला आधी स्वयंपाकघरात ओढलं. बशीत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, घातल्या आणि हळूच म्हणाले,

"बाय, एक शब्द बोल. टाकी अजून कच्ची आसा म्हण."

"कच्ची नाही ती."

"अगो, तुका म्हायत, माका म्हायत. तेका खय म्हायत?"

"तात्या, पाण्याचं खोटं मी सांगत नाही. एकदा सांगितलं की पुढे माझं खरंही कुणी धरणार नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बशीकडे. बशी उचलली आणि नेवऱ्या डब्यात परत टाकल्या.

मी बाहेर आले. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं. शेवाळ गेलेलं, दगडावर जांभळे डाग धरलेले, मासे तोंड वर करून कुणी खायला देतं का बघत होते. "मुरली," मी म्हटलं. तात्या दारात उभे होते. ते माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

नितेशने सुटकेचा निःश्वास टाकला. "छान. मग मासे तुम्ही तुमच्याकडे ठेवा थोडे दिवस, मी दगड पोत्यात भरून नेतो, तिकडे पुन्हा लावू."

"पोत्यात कसे भराल? हे जिवंत दगड आहेत."

"जिवंत? तुम्ही तर कोरडे दिले होते."

"दिले तेव्हा कोरडे होते. मुरला की तो जिवंतच."

"हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"तुम्ही विचारलं, कोरडा दगड पोत्यात भरून नेता येतो का. मी येतो म्हटलं. किती दिवस कोरडा राहतो ते तुम्ही विचारलं नाही."

त्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. पण तो आवाज चढवणाऱ्यांतला नव्हता. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, प्रश्न दगडाचा नाही हो. यांना गॅस बंद करायची आठवण राहत नाही. तुम्ही इथे रोज येऊन हे सगळं करता, म्हणून टाकी राहिली. यांना कोण बघणार?"

"मी रोज येते असं कुणी सांगितलं?"

"मग कोण करतं?"

मी तात्यांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"शिगम्यापासून मी मोजक्याच वेळा आले असेन," मी म्हटलं. "पाणी रोज यांनी तपासलं. एक सकाळ चुकली असती तर मला टाकी बघून कळलं असतं, मासे नसते. कोरडा दगड विसरभोळ्या माणसाकडे मुरत नाही. हे मी तुमच्या वडलांसाठी म्हणत नाही, कुणालाही म्हणेन. मोठमोठ्या माणसांच्या टाक्या मी उपसून दिल्या आहेत."

नितेश उठून टाकीपाशी गेला. बराच वेळ वाकून बघत होता. मग त्याने मागे न बघताच विचारलं, "तात्या, आज सकाळी खारटपणा किती होता?"

तात्यांनी आकडा सांगितला.

"काल?"

तो सांगितला. परवाचाही सांगितला, कुणी न विचारता. परवाचं पाणी थोडं जास्त उडालं होतं, ते का, तेही सांगितलं.

"मग भात कसा विसरलात?" नितेश आता खरोखरच चिडला होता. "माशांचं एवढं लक्षात राहतं, तर गॅसचं का नाही?"

"अरे, भात करपलो तर दुसरो घालूक येता," तात्या म्हणाले. "आनी एकट्याचो भात. तो कोण आठवणीन बघता? मासो मेलो तर दुसरो येवचो नाय."

तात्या आत गेले आणि नेवऱ्यांचा डबाच घेऊन आले. माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे न बघता. मी दोन उचलल्या. मग नितेशने गॅसला आपोआप बंद होणारं बटण बसवायचं काढलं, मोटरला एक घड्याळ लावायचं काढलं, शेजारणीचा नंबर मागितला. तात्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेले. इतकं हो मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

निघताना नितेश मला पोचवायला बाल्कांवापर्यंत आला. तात्या मागोमाग.

"ठीक आहे," तो तात्यांना म्हणाला. "हे वर्ष असंच चालू दे. पुढच्या चतुर्थीला पुन्हा बघू."

"पुढल्या चतुर्थीक बघूक मिळाचा नाय," तात्या म्हणाले. "मी मँडरिन मासो हाडतलंय. निळो, नक्षीचो, लय नाजूक. दगडात आपसूक वाढलेले बारीक किडेच तो खाता, दुसरा काय खायत नाय. तसली टाकी व्हयी तर तीन वर्सां मुरूक लागता." आणि माझ्याकडे बघितलं. "खरां मा, बाय?"

नितेशही माझ्याकडे बघायला लागला.

मी स्कूटरची चावी फिरवली.

"चार धरा," मी म्हटलं.